चतुराची तीट

पंखाला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. वारा सुटला नव्हता, छतावरून काही पडलं नव्हतं, आणि कारखान्यातली ती आगाऊ मांजरही तेव्हा अंगणात उन्हाला लोळत होती. तरी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो काळाभोर, लांबलचक पंख आधी थरथरला, मग इतका भरभर हलू लागला की त्याच्या कडाच दिसेनात, आणि पुढच्या क्षणी कट्‌कन मुळापाशी मोडून खाली पडला.

"बंद कर, रुमाना! बंद कर!" रेणुकामावशी ओरडल्या.

रुमानानं धावत जाऊन बटण दाबलं. मोटारीची गुणगुण खाली खाली येत थांबली. पण तेवढ्यात दुसऱ्या पंखालाही चीर गेली होती.

कामाच्या फळीवर बसवलेल्या चतुरानं डोळे गरकन फिरवून आपल्या पंखांकडे पाहिलं. "मोडला वाटतं," तो बारीक आवाजात म्हणाला. "मी काही केलं नाही हां! मी नुसता गुणगुणत होतो."

चतुर म्हणजे पावसाळा सरल्यावर डबक्याकाठी भिरभिरणारा तो चार पंखांचा कीटक, हे तुम्हाला माहीतच आहे. हा चतुर मात्र यंत्र होता. आकारानं हातभर लांब, पंख त्याहूनही लांब, डोळ्यांच्या जागी कॅमेरे, कानाच्या जागी मायक्रोफोन, पोटात मोटार आणि डोक्यावर दोन पात्यांचा पंखा. त्याला मंगळावर जायचं होतं. तिथल्या दऱ्यांतून उडत उडत, जिथे चाकाची गाडी उतरू शकत नाही अशा कपारींत डोकावायचं होतं.

आता मंगळावर उडणारं यान मिरजेतल्या तंबोऱ्यांच्या कारखान्यात काय करत होतं, असं तुम्ही विचाराल. विचारायलाच हवं. तर मंगळावरची हवा फार विरळ. आपल्याकडच्या हवेचा जेमतेम शंभरावा हिस्सा. तिथे उडायचं तर पंख मोठे हवेत, आणि मोठे असून पिसासारखे हलके हवेत. डॉक्टर रेणुका गोंधळेकर, म्हणजे आपल्या रेणुकामावशी, यांनी प्रयोगशाळेत कोळशाच्या, म्हणजे कार्बनच्या धाग्यांपासून एक नवा पातळ पत्रा बनवला होता. पण यंत्रानं घासला की तो कुठे जाड राही, कुठे फाटे. मग त्यांना मिरज आठवली. इथे तंबोऱ्याचा भोपळा आणि त्यावरची लाकडी तबली घासताना कारागीर टिचकी मारतात, कान लावतात आणि केवळ आवाजावरून जाडी ओळखतात. म्हणून मावशी चतुराला कुशीत घेऊन रुमानाच्या नानांकडे आल्या होत्या.

नाना म्हणजे रुमानाच्या आईचे वडील, बाबालाल मिस्त्री. उंच, हडकुळे, बोटांची टोकं लाखेनं कायमची काळी पडलेली. माणूस मोठा प्रेमळ, पण सुराच्या बाबतीत भलताच कडक. एकदा लग्नाच्या मांडवात सनई जराशी उतरलेली लागली, तर नाना जेवणाच्या पंगतीतून उठून घरी आले होते. रुमानाची अम्मी ती गोष्ट अजून सांगते आणि हसते.

त्याच नानांनी आत्ता मोडलेला पंख दोन्ही हातांत उचलला होता आणि ते तो उलटसुलट करून पाहत होते.

"परवाही असाच मोडला," ते म्हणाले. "मला वाटलं, घासताना माझ्या हातून कुठे पातळ राहिला. म्हणून हे चार पंख मी डोळ्यांत तेल घालून केले, बाई. जिवापाड केले. आणि हे तर आणखी लवकर मोडले!"

"चाचा, पंख कच्चा नाहीये हो," मावशी कपाळ चोळत म्हणाल्या. "काल मी याच पंखाच्या टोकाला वाळूची पिशवी टांगली होती. वाकला, पण मोडला नाही. एवढं ओझं सहज पेलणारा पंख नुसत्या गुणगुणण्यानं कसा मोडतो? हेच तर मला कळत नाही."

खरंच की! रुमानाला नवल वाटलं. वाळूच्या पिशवीला जे जमलं नाही, ते एका आवाजानं कसं केलं?

आणि नवल करत बसायला वेळ नव्हता. कोळशाच्या धाग्यांचा पत्रा संपला होता. घासून तयार असे शेवटचे चार पंख कपाटात होते. उद्या सकाळी प्रयोगशाळेची गाडी येणार होती आणि चतुराला घेऊन थेट रॉकेटच्या तळावर जाणार होती. पंख टिकले नाहीत, तर चतुराच्या जागी दगड तपासायचं एक यंत्र ठेवणार होते. मग चतुराचं काय, असं रुमानानं विचारलं तेव्हा मावशी जरा घुटमळल्या. म्हणाल्या, "संग्रहालयात ठेवतील त्याला. काचेच्या पेटीत."

"काचेच्या पेटीत उडता येतं का?" चतुरानं विचारलं.

रुमानानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. या गेल्या काही आठवड्यांत तिला चतुराचा लळाच लागला होता. त्याच्या पोटात मावशींनी एक छोटा बोलायचा डबा बसवला होता. खरं तर मंगळावर त्याचा काही उपयोग नव्हता, पण मावशींना गप्पांची हौस. गल्लीतलं ऐकून ऐकून चतुर आता अस्सल मिरजेचं बोलायचा आणि प्रश्न विचारून भंडावून सोडायचा. कालच कपडे वाळत घालायच्या तारेवर एक खराखुरा चतुर येऊन बसला होता, तर ह्याचं सुरू, "रुमे, तो बघ की! त्याच्या पंखावर तीळ आहे. चारही पंखांवर आहे. मग माझ्या पंखावर का नाही?" रुमाना म्हणाली होती, "तुला कशाला हवेत तीळ? तू काय तिळाचा लाडू आहेस?"

"जा बेटा, चहा टाक," नाना म्हणाले. त्यांचा आवाज अगदी खोल गेला होता.

रुमाना स्वयंपाकघरात गेली. आधण ठेवलं तोच शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली. गिरणीचा पट्टा आधी हळू फिरला, मग त्याला वेग येत गेला, आवाज चढत गेला, आणि रोजच्यासारखं फळीवरच्या चहाच्या डब्याचं झाकण झिंग्‌ग्‌ग करून वाजायला लागलं. साखरेचा डबा गप्प, मिठाची बरणी गप्प, वाजत होतं ते फक्त चहाच्या डब्याचं झाकण. गिरणी आणखी जोरात फिरू लागली तशी तेही गप्प झालं.

रुमाना हे लहानपणापासून ऐकत आली होती. पण आज ती हातात चिमटा घेऊन तशीच उभी राहिली. गिरणी हळू फिरते तेव्हा झाकण वाजत नाही, हे ठीक. पण खूप जोरात फिरते तेव्हाही वाजत नाही! मधेच, एका ठरावीक वेगाला वाजतं. असं का बरं?

तिनं चहा तसाच सोडला आणि ती कारखान्यात धावत आली. "मावशी, मावशी, एकच झाकण का वाजतं? आणि मधेच का वाजतं?"

मावशींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि त्या ताडकन उठून उभ्या राहिल्या. "अगं, मी किती मठ्ठ! मी पंखाची ताकद मोजत बसले. ताकदीचा प्रश्नच नव्हता गं हा! इकडे ये. हा भोपळा हलवून दाखव बघू. पण हात न लावता. फक्त फुंकरीनं."

कारखान्याच्या तुळईला वाळलेले भोपळे दोरीनं टांगलेले होते. एकेक भोपळा चांगला कळशीएवढा. रुमानानं गाल फुगवून जोरात फुंकर मारली. भोपळा ढिम्म. तिनं धापा टाकत भराभर फुंकरी मारल्या. भोपळा जरासा कुरकुरला, इतकंच.

"हा काय फुंकरीनं हलतोय!" ती म्हणाली.

"घाई करू नकोस. एक फुंकर मार आणि थांब. तो किंचित पलीकडे जाईल, परत तुझ्याकडे येईल. येऊन पुन्हा जायला निघाला की तेव्हाच दुसरी मार. त्याच्या चालीनं चाल."

रुमानानं फुंकर मारली. भोपळा केसभर हलला. ती थांबली. तो परत आला, जायला निघाला, तिनं पुन्हा हलकेच फुंकर मारली. आता तो बोटभर हलला. पुन्हा. मग वीतभर. रुमानाचे डोळे विस्फारले. तिच्या एवढ्याशा श्वासानं तो भलामोठा भोपळा मंदिरातल्या घंटेसारखा झुलायला लागला होता! शेवटी तो शेजारच्या भोपळ्यावर जाऊन ठक्‌कन आदळला, तेव्हा ती घाबरून मागे सरली.

"बाप रे! एवढं बळ आलं कुठून?"

"तुझ्याच फुंकरींतून," मावशी म्हणाल्या. "एकेक फुंकर एवढीशी. पण प्रत्येक फुंकर वेळेवर आली, म्हणून वाया गेली नाही. आधीच्या फुंकरीत मिसळली. पैसापैसा साठत जावा तशी. मघाशी तू भराभर फुंकत होतीस, तेव्हा एक फुंकर त्याला पुढे ढकलायची आणि दुसरी त्याला येताना अडवायची. आता त्या आखूड दोरीच्या भोपळ्याला ह्याच चालीनं फुंकून बघ."

रुमानानं पाहिलं. आखूड दोरीचा भोपळा काही केल्या रंगात येईना. त्याची चाल निराळी होती, जास्त भरभर.

"म्हणजे प्रत्येकाची आपापली चाल असते?"

"शाब्बास! प्रत्येक वस्तूची असते. भोपळ्याची, झाकणाची, ह्या खिडकीच्या काचेची, उंच इमारतीचीसुद्धा. तिला एकदा धक्का देऊन मोकळं सोडलं की ती आपल्या चालीनंच हेलकावते. एका सेकंदात किती वेळा, तो तिचा स्वतःचा आकडा. त्याला म्हणतात नैसर्गिक वारंवारता (वस्तूच्या हेलकाव्यांचा स्वतःचा ठरलेला वेग). आणि बाहेरून येणारे धक्के नेमके त्याच वेगानं आले, की हेलकावे वाढत जातात. ह्याला अनुनाद म्हणतात (वस्तूच्या स्वतःच्या चालीनं धक्के मिळाले की तिचं जोरात डोलू लागणं). गिरणीचे हादरे भिंतीतून सगळ्याच डब्यांना पोचतात. पण झाकणाच्या चालीशी जुळले तेव्हाच झाकण वाजलं. गिरणी पुढे गेली, चाल सुटली, झाकण गप्प."

"म्हणजे मोटारीचे हादरे पंखाच्या चालीशी जुळले?"

"मला तसंच वाटतंय. पण असं नेमकं जुळावं कसं? हजार चालींतून हीच चाल पंखाला यावी, हा योगायोग जरा जास्तच झाला."

एवढा वेळ नाना खाली मान घालून ऐकत होते. ते सावकाश उठले. भिंतीवरचे दोन तंबोरे त्यांनी काढले, समोरासमोर ठेवले आणि दोन्हीच्या खरजाच्या, म्हणजे सर्वांत जाड तारा एका सुरात लावल्या. मग रद्दी कागदाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा फाडून, मधे दुमडून त्यांनी तो दुसऱ्या तंबोऱ्याच्या तारेवर खोगिरासारखा ठेवला.

"रुमे, बघ हां." त्यांनी पहिल्या तंबोऱ्याची तार छेडली.

दुसऱ्या तंबोऱ्याला कुणी शिवलं नव्हतं. तरी त्याच्या तारेवरचा कागद थरथरला, नाचत नाचत पुढे सरकला आणि टुपकन खाली पडला. नानांनी पहिली तार हातानं दाबून बंद केली, तरी दुसरी आपली गुणगुणतच राहिली. रुमानाच्या अंगावर सर्रकन काटा आला. तंबोऱ्यांच्या घरात जन्म काढून तिनं हे कधी कागद ठेवून पाहिलं नव्हतं.

नानांनी दुसरी तार किंचित उतरवली आणि पुन्हा कागद ठेवून पहिली छेडली. कागद जागचा हलला नाही.

"हे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे," नाना हळूच म्हणाले. "सूर मिळाला की तार आपोआप बोलते. ह्याच्याचसाठी तर आम्ही मरतो. बाई, तो योगायोग नव्हता. मीच जुळवले ते पंख."

"म्हणजे?"

"हा चतुर पहिल्या दिवशी इथे गुणगुणला ना, तेव्हा भिंतीवरचे दोन तंबोरे त्याच्याबरोबर बोलायला लागले होते. आठवतंय? मी म्हटलं, वा, पोरगं आपल्याच घरातलं दिसतंय! पांढरी दोनचा, म्हणजे बाजाच्या पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा खर्ज आहे त्याचा. मग पंख घासायला बसलो, टिचकी मारली, तर पंख भलत्याच सुरात. माझ्यानं कसं राहवावं? एवढ्या लांब जाणार पोर, तेही बेसूर? मी घासून घासून चारही पंख त्याच्या मोटारीच्या सुरात मिळवले. आणि दुसरी जोडणी तर इतकी मिळवली, इतकी मिळवली..." त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. "ते शेवटचे चार पंखही तसेच आहेत. माझ्याच सुरानं माझं पोर मोडलं."

रुमानानं नानांचा हात घट्ट धरला.

"चाचा, मान वर करा बघू," मावशी म्हणाल्या. "तो सूर ऐकून मी मान डोलावत होते की नाही? मी तर वैज्ञानिक, मला तरी कुठे सुचलं? आता पुढचं बघू."

पण पुढचं सोपं नव्हतं. मोटार याहून हळू फिरवली तर मंगळाच्या विरळ हवेत चतुर जमिनीवरून उठलाच नसता. जोरात फिरवली तर बॅटरी लगेच संपली असती. पंख आणखी घासावेत तर ते आधीच कागदासारखे झाले होते. राहिला एकच उपाय, पंखाला थोडं वजन चिकटवायचं. वजन वाढलं की चाल मंदावते, सूर उतरतो. पण चतुराचं वजन आधीच हद्दीला टेकलेलं.

"फार थोडं वजन हवं, आणि त्यानं फार मोठा फरक पडायला हवा," मावशी पुटपुटल्या. "ते लावायचं कुठे?"

"माझ्या पंखावर तीळ का नाही?" फळीवरून चतुराचा आवाज आला.

"अरे, आत्ता गप्प बस ना रे," रुमाना वैतागून म्हणाली, आणि म्हणता म्हणताच थबकली. "थांब, थांब! काय म्हणालास?"

ती अंगणात धावली. तारेवर ऊन खात खराखुरा चतुर बसला होता, कालचाच की दुसरा कोण जाणे. ती श्वास रोखून जवळ गेली. काचेसारखे चार पंख, बारीक शिरांची जाळी, आणि प्रत्येक पंखाच्या पुढच्या कडेला, अगदी टोकाजवळ, एकेक काळा ठिपका.

मावशी तिच्या मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी वाकून ते ठिपके निरखले. मग अगदी कुजबुजत म्हणाल्या, "रुमाना, तो तीळ नाही गं. तो जाड भाग आहे, वजनदार. वेगानं उडताना पंख थरथरून फाटू नये, म्हणून. पंखाचं मूळ फारसं हलत नाही, पण टोक खूप हलतं. त्यामुळे टोकाशी कणभर वजनही सगळ्या पंखाची चाल बदलतं. मी हे शिकताना वाचलं होतं आणि साफ विसरले. डायनासोरांच्याही आधीपासून हे असे उडतायत. तेव्हापासून हे उत्तर पंखावर घेऊन हिंडतायत, आणि आपण हे बघून तिळाच्या लाडवाच्या गोष्टी करतोय!"

रुमानाला त्या एवढ्याशा जिवाकडे बघताना कसंसंच झालं. हात जोडावेत असं वाटलं. तेवढ्यात तो भुर्रकन उडून गेला.

नानांनी लाख वितळवायला घेतली. मावशींनी हिशेब केला आणि त्यांचा चेहरा उतरला. चार ठिपक्यांचं वजन भरायचं तर कुठलीतरी वस्तू कमी करावी लागणार होती. कॅमेरा काढता येईना, बॅटरी काढता येईना.

"माझा बोलायचा डबा काढा की," चतुर म्हणाला.

"नाही!" रुमाना ओरडली.

"अगं, तिथे ऐकायला कोण बसलंय? दगडांशी बोलू का?"

"पण मग तू... तू कधीच बोलणार नाहीस."

"गुणगुणेन की," चतुर म्हणाला. "ओळखशील ना?"

रुमानानं डोळे पुसले आणि मान डोलावली. मावशींनी डबा काढला, तेव्हा ती दुसरीकडे बघत होती.

मग नाना फळीशी बसले. सळईच्या टोकावर गरम काळी लाख घेऊन त्यांनी पहिल्या पंखाच्या टोकाशी अलगद ठिपका ठेवला, जसा बाळाच्या गालावर काजळाचा ठेवतात. टिचकी मारली. पंखाचा सूर खाली उतरला होता. नानांनी डोळे मिटून घेतले.

"आयुष्य गेलं सूर मिळवण्यात," ते म्हणाले. "आज मिळालेला सूर बिघडवायला बसलोय. चारही वेगवेगळे बिघडवतो. म्हणजे एक थरथरला तरी दुसऱ्याला नादी लावणार नाही."

"बिघडवत नाही तुम्ही, नाना. तीट लावताय," रुमाना म्हणाली. "नजर लागू नये म्हणून."

नानांच्या चेहऱ्यावर कितीतरी वेळानं हसू आलं.

पंख बसवले. चतुराला फळीवर घट्ट आवळलं. वेगाचा दांडा रुमानाच्या हातात होता. "हळूहळू वाढव," मावशी म्हणाल्या, "आणि मी सांगेन तेव्हाच थांब."

मोटार गुणगुणू लागली. आवाज चढत गेला. पंख स्थिर होते. आणखी चढला. आणि एकाएकी पुढचा डावा पंख थरथरायला लागला.

"बंद कर, बेटा!" नाना उठले. "मोडतोय!"

रुमानाचा हात दांड्यावर गोठला. अजून तर उडण्याचा वेगही आला नव्हता आणि पंख थरथरत होता, कडा धूसर होत होती. थांबवावं? तिला चहाचं झाकण आठवलं. झिंग्‌ग्‌ग, आणि मग गप्प. लाखेनं पंखाचा सूर उतरलाय. म्हणजे मोटार आत्ता त्या उतरलेल्या सुरापाशी आली आहे. इथे रेंगाळलो तर मोडेल. पुढे गेलो तर सुटेल!

"नाना, हे झाकण आहे!" ती ओरडली आणि तिनं दांडा सरळ पुढे रेटला.

गुणगुण वर चढली. पंख एकदा जोरात झणाणला, त्याच्यापाठोपाठ दुसरा, तिसरा, चौथा, आणि मग चारही एकदम शांत झाले. मोटार उडण्याच्या पूर्ण वेगानं, पांढरी दोनच्या खरजात घुमत होती. भिंतीवरचे तंबोरे तिच्याबरोबर बोलत होते. पंख मात्र निवांत पसरले होते, वाळत घातलेल्या ओढणीसारखे.

"या अल्लाह," एवढंच नानांच्या तोंडून निघालं. मावशी हसत होत्या आणि रडतही होत्या, आणि चहाचं आधण केव्हाचंच आटून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी चतुर गेला. रुमानानं त्याच्या पेटीवर हात ठेवला. आतून काही आवाज आला नाही.

चतुर मंगळावर पोचायला कितीतरी महिने लागले. तेवढ्या काळात रुमाना मावशींना फोन करकरून प्रश्न विचारायची, अगदी चतुरासारखे. पुलावरून जाताना सैनिकांना पाऊल मिळवून चालू नका असं का सांगतात? (पुलाच्या चालीशी पावलं जुळू नयेत म्हणून.) भूकंपात काही इमारती पडतात आणि शेजारच्या उभ्या कशा राहतात? (इतर कारणं असतातच, पण जमिनीच्या हेलकाव्यांशी जिची चाल जुळते तिला जास्त झोकांड्या बसतात.) आणि अनुनाद नेहमी वाईटच असतो का?

"छे गं!" मावशी म्हणाल्या होत्या. "रेडिओ शेकडो लहरींतून एकच गाणं निवडतो, ते अनुनादानंच. तुमचा तंबोरा भरून बोलतो, तो अनुनादानंच. कुठे सूर मिळवायचा आणि कुठे मोडायचा, हे कळलं की झालं. आणि अजून पुष्कळ कळायचंय. शनीच्या चंद्रावर उडायचं यान कोण करणार आहे? मी तर म्हातारी होईन तोवर."

त्या दिवसापासून रुमाना नानांशेजारी बसून टिचकी मारायला शिकत होती.

आणि मग एका दुपारी मावशी धावतपळत कारखान्यात आल्या. चतुर मंगळाच्या एका दरीवरून उडाला होता. त्याच्या कानाच्या जागच्या मायक्रोफोननं टिपलेला आवाज पृथ्वीवर आला होता. नानांनी मैफलीचा मोठा स्पीकर काढला. रुमानानं पांढरी दोनला लावलेला तंबोरा समोर ठेवला, कागदाचा तुकडा फाडला, दुमडला आणि खरजाच्या तारेवर ठेवला.

आधी नुसती खरखर ऐकू आली. तो मंगळाचा वारा होता. मग त्यातून हळूहळू वर येत गेली ती ओळखीची गुणगुण. मधेच चार झणाण उठले, एकामागून एक, चारही निरनिराळ्या सुरांत.

"काय बेसूर आहे रे पोरगं!" नाना म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते जागच्या जागी मान डोलवत होते. "वा! क्या बात है!"

गुणगुण चढून स्थिर झाली. रुमाना तंबोऱ्याकडे टक लावून बघत होती. कोट्यवधी किलोमीटरवर, तांबड्या दरीत, कुणी नसलेल्या जागी चतुर गुणगुणत होता. आणि इथे, मिरजेत, कुणी न छेडलेली तार हलली. कागद थरथरला, नाचत नाचत पुढे सरकला आणि टुपकन खाली पडला.

रुमानानं तो उचलला आणि मुठीत धरला.

"ओळखलं रे," ती म्हणाली.